संगीताचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर : एक व्रतस्थ शिक्षक

गवयाचे नाव त्याच्या मैफलींमुळे होते. शिक्षकाचे नाव मात्र त्याच्या विद्यार्थ्यांच्या नावांमागे उभे असते आणि पुष्कळदा ते तेथेच राहून जाते. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यापुढे या दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. आग्रा घराण्याचे थोर गायक उस्ताद फैयाज खाँ यांनी त्यांना गंडा बांधला होता आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपले शास्त्र त्यांच्या हाती सोपविले होते. असा तरुण मैफलीच्या वाटेने गेला असता तर कोणालाही नवल वाटले नसते. रातंजनकरांनी लखनौमधील एका नव्या संगीत विद्यालयातील शिक्षकाचे काम पत्करले आणि जवळजवळ तीस वर्षे ते तेथे शिकवीत राहिले.

बेंगळुरूच्या मराठी रसिकांना या नावाविषयी आपुलकी वाटावी असे एक विशेष कारण आहे. रातंजनकरांच्या पट्टशिष्यांची नावे घेऊ लागले की कर्नाटकाच्या मातीतील माणसेच प्रथम आठवतात. बेंगळुरूत जन्मलेले चिदानंद नगरकर, बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे कृष्णराव गिंडे, एस. सी. आर. भट ही ती नावे होत. मुंबईच्या मराठी गुरूने उत्तर प्रदेशात बसून कर्नाटकातील मुलांना घडविले आणि त्या मुलांनी पुढे मुंबईत येऊन महाराष्ट्राला गाणे शिकविले. विद्या कोणत्या वाटेने फिरते, हे सांगणारी ही कहाणी आहे.

रातंजनकरांचा जन्म विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, डिसेंबर महिन्याच्या अखेरच्या दिवशी मुंबईत एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात झाला. वडील नारायण गोविंद रातंजनकर पोलीस खात्याच्या गुप्तवार्ता विभागात अधिकारी होते. नोकरी रुक्ष असली तरी त्यांना सतारीची आवड होती. मुलाच्या गळ्यातील सूर त्यांनी लहानपणीच ओळखला. त्या काळी प्रतिष्ठित घरांत गाणे ऐकणे मान्य असे, परंतु मुलाने गवई होणे मान्य नसे. अशा काळात एका सरकारी अधिकाऱ्याने आपल्या मुलासाठी स्वतःहून गायनगुरू शोधावा, ही गोष्ट लहान नव्हती.

पहिले गुरू लाभले ते कृष्णंभट होन्नावर. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील हे गुरुजी पतियाळा परंपरेतील काले खाँ यांच्याकडे शिकलेले होते. त्यांनी मुलाची स्वरांची बैठक पक्की करून घेतली. कर्नाटकाशी रातंजनकरांचे नाते जडले ते असे पहिल्या धड्यापासूनच. त्यानंतर ग्वाल्हेर परंपरेतील अनंत मनोहर जोशी यांची तालीम मिळाली. जोशीबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ज्या बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजविली, त्यांच्या परंपरेचे संस्कार या मुलाला कोवळ्या वयातच लाभले.

याच सुमारास रातंजनकरांच्या वडिलांचा पंडित भातखंडे यांच्याशी स्नेह जुळला आणि मुलाच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. भातखंडे पेशाने वकील होते. परंतु वकिली बाजूला सारून त्यांनी हिंदुस्थानभर प्रवास केला, ग्रंथालयांतील जुने संस्कृत ग्रंथ चाळले आणि घराण्यांच्या उस्तादांकडून शेकडो बंदिशी मिळविल्या. घराण्यांमधून तोंडी चालत आलेले हे धन उस्तादाबरोबरच नाहीसे होण्याचा धोका होता. भातखंड्यांनी ते स्वरलिपीत उतरविले आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र आणि तार सप्तकांसाठी खाली-वर टिंब, समेसाठी फुली आणि खालीसाठी शून्य, अशी ही सुबोध लिपी आजही संगीताच्या वर्गांत वापरली जाते. रागाचे नियम त्या रागातच गाऊन सांगणारी लक्षणगीते त्यांनी ‘चतुर’ या नावाने रचली. रातंजनकर या साऱ्या खटाटोपाच्या अगदी जवळ वाढले. इतर मुले ज्या वयात पाढे पाठ करतात, त्या वयात या मुलाच्या कानांवर रागांचे आरोह-अवरोह पडत होते.

१९१६ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे भातखंड्यांचीच प्रेरणा होती. पुढच्याच वर्षी रातंजनकर बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन तेथे गेले. शास्त्र भातखंड्यांकडून मिळत होतेच. पण कागदावर उतरविलेले गाणे आणि गळ्यातून उमटणारे गाणे यांत जे अंतर असते, ते भरून काढण्यासाठी सिद्ध गायकाच्या सहवासाची गरज होती. बडोद्याच्या दरबारात त्या वेळी उस्ताद फैयाज खाँ होते.

फैयाज खाँ हे आपल्या काळातील सर्वांत प्रभावी गायकांपैकी एक. म्हैसूर दरबाराने त्यांना ‘आफताब-ए-मौसिकी’, म्हणजे संगीताचा सूर्य, अशी पदवी दिली होती. ध्रुपदाच्या अंगाने जाणारी नोमतोमची आलापी, होरी-धमाराचा भारदस्त ठाका, लयीशी खेळत बंदिशीचे बोल उलगडण्याची हातोटी आणि या सगळ्यांवर पसरलेला खर्जदार, भरीव आवाज, अशी त्यांची गायकी होती. रातंजनकरांनी त्यांचा गंडा बांधला. गंडाबंधनात गुरू शिष्याच्या मनगटावर धागा बांधतो. त्या दिवसापासून शिष्य त्या घरचाच होतो. गुरूला केवळ नेमलेल्या वेळी भेटून ही विद्या मिळत नसे. गुरूचा रियाज ऐकणे, त्याच्या मागे तंबोरा घेऊन बसणे, मैफलीत त्याने घेतलेली एखादी जागा मनात धरून रात्री ती घोटणे, हेच तेथील शिक्षण होते. सुमारे पाच वर्षे रातंजनकर हे शिक्षण घेत राहिले.

विशीच्या आरंभीच त्यांच्या ठायी दोन भिन्न परंपरा एकत्र आल्या होत्या. एक परंपरा म्हणत होती की संगीत सर्वांसाठी खुले करा, त्याचे नियम लिहा, त्याची पुस्तके छापा, ते वर्गात शिकवा. दुसरी परंपरा म्हणत होती की गाणे पुस्तकातून येत नाही, ते गुरूच्या मुखातूनच घ्यावे लागते आणि ते ज्याला त्याला देता येत नाही. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे मोठी होती आणि दोन्हींच्या म्हणण्यात तथ्य होते. पुढचे सारे आयुष्य रातंजनकरांनी या दोन सत्यांचा मेळ घालण्यात वेचले.

बडोद्याहून परतल्यावर त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण केले आणि १९२६ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली. त्या काळच्या गवयांत पदवीधर जवळजवळ नव्हतेच. या पदवीच्या बळावर त्यांना एखादी सुरक्षित नोकरी सहज मिळाली असती. त्याच वर्षी लखनौला राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली आणि भातखंडे यांच्या प्रयत्नांतून एक संगीत विद्यालय सुरू झाले. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून त्याचे नाव मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक असे ठेवण्यात आले. रातंजनकर तेथे रुजू झाले आणि १९२८ साली, तिशीही ओलांडली नसताना, त्यांच्याकडे प्राचार्यपद आले.

लखनौ हे संगीताला नवे शहर नव्हते. वाजिद अली शाहची ठुमरी, बिंदादीन महाराजांचे कथक आणि पूरब अंगाचा तबला या शहरात नांदत होता. परंतु ही कला काही घराण्यांत आणि कोठ्यांवर जपली गेली होती. सभ्य म्हणविणाऱ्या कुटुंबांनी तिचा आस्वाद घेतला, तरी आपल्या मुलामुलींना तिच्यापासून दूरच ठेवले होते. अशा शहरात दक्षिणेकडचा एक तरुण मराठी पदवीधर खडू-फळा घेऊन राग शिकवू लागला, तेव्हा उस्तादांना ते हास्यास्पद वाटले असेल आणि पालकांना धाडसाचे. या दोघांचाही विश्वास त्याला मिळवावयाचा होता.

विद्यालयाने उस्तादांना बाहेर ठेवले नाही, हे त्याचे मोठे शहाणपण. लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ येथे तबला शिकवीत, तर सखावत हुसेन खाँ सरोद शिकवीत. ज्या उस्तादांनी कधी हजेरीपट पाहिला नव्हता, ते तासाच्या घंटेनुसार वर्गात येऊ लागले. ज्या घरांतून मुलींनी गाण्याचे नाव काढणेही कठीण होते, त्या घरांतील मुली वह्या घेऊन विद्यालयात येऊ लागल्या. ‘संगीत विशारद’ आणि ‘संगीत निपुण’ या पदव्यांमुळे गाणे शिकणाऱ्याला समाजात उभे राहण्यास एक आधार मिळाला. हे विद्यालय पुढे कैसरबागेतील परीखान्याच्या वास्तूत नांदू लागले. वाजिद अली शाहच्या काळात जेथे दरबारासाठी नर्तिका आणि गायिका तयार होत, त्याच वास्तूत सामान्य घरांतील मुले-मुली यमन आणि बिलावल घोटू लागली.

तरीही पदवी मिळविणे आणि गायक होणे यांतील अंतर रातंजनकर पुरते जाणून होते. वर्गात वीस-तीस मुले असतात. त्यांना स्वरज्ञान, रागज्ञान आणि तालज्ञान देता येते, चांगला श्रोता घडविता येतो, शाळांसाठी शिक्षक तयार करता येतो. परंतु गळ्यावर गायकी चढवावयाची तर एकेका शिष्याला जवळ घेऊन बसावे लागते. या अडचणीवर त्यांनी काढलेला मार्ग साधा होता आणि तो स्वतःला झिजवणारा होता. दिवसा ते प्राचार्य असत आणि विद्यालय सुटल्यावर गुरू होत. अभ्यासक्रमाचा वर्ग संपला की त्यांच्या घरी दुसरे विद्यालय भरे. तेथे हजेरी नव्हती, परीक्षा नव्हती, शुल्क नव्हते. बडोद्याला फैयाज खाँकडून जे जसे मिळाले होते, ते तसेच तेथे दिले जाई.

१९३६ साली अकरा वर्षांचा एक मुलगा बैलहोंगलहून या घरी आला. डॉक्टरांच्या घरातला हा मुलगा म्हणजे कृष्णराव गुंडोपंत गिंडे. इतक्या लहान वयात घर, भाषा आणि हवामान सोडून तो शेकडो कोस दूर गेला आणि गुरूच्या घरातलाच एक झाला. शिष्य रातंजनकरांना अण्णासाहेब म्हणत. अण्णासाहेबांच्या घरी राहून गिंडे यांनी शेकडो रागांतील बंदिशी कंठस्थ केल्या. पुढे जाणकार त्यांना बंदिशींचा चालताबोलता कोश मानू लागले. अमुक रागात अमुक तालाची बंदिश आहे काय, असा प्रश्न पडला की लोक गिंड्यांकडे जात. भातखंड्यांनी कागदावर जपलेले धन एका जिवंत स्मरणात पुन्हा गाते झाले होते.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात भातखंडे निवर्तले. अखेरची काही वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. ज्यांच्या शब्दावर रातंजनकरांनी आयुष्याची दिशा ठरविली होती, ते छत्र हरपले. आता विद्यालयाचा आणि त्यामागील विचाराचा भार एकट्याच्या खांद्यावर आला. बाल शिष्याचे येणे आणि गुरूचे जाणे या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या. परंपरा चालते ती अशीच, एका हाताने घेत आणि दुसऱ्या हाताने देत.

बेंगळुरूचे चिदानंद नगरकर यांचा जन्म १९१९ सालचा. बेंगळुरू हे कर्नाटक संगीताचे शहर. त्यागराज आणि दीक्षितारांच्या कृतींनी येथील घरांच्या सकाळी उजाडत. तरीही या शहरात हिंदुस्थानी गाण्याचा एक प्रवाह वाहत होता. आग्रा घराण्याचे गायक पं. रामराव नाईक यांनी पुढे याच शहरात शिष्य घडविले. नगरकरांचे आरंभीचे शिक्षण गोविंद विठ्ठल भावे यांच्याकडे झाले आणि मग ते लखनौला रातंजनकरांकडे गेले. ख्यालाबरोबर ध्रुपद-धमार, टप्पा आणि ठुमरी त्यांनी आत्मसात केली. तबला आणि हार्मोनियमवर हात बसविला आणि शंभू महाराजांकडून कथकही शिकून घेतले. लखनौत जे जे उत्तम होते ते सारे या तरुणाने वेचले. गुरूनेही आपल्या शिष्याला एकाच कुंपणात कोंडून ठेवले नाही.

याच काळात दुसरे महायुद्ध पेटले. महागाई, टंचाई आणि १९४२ नंतरची राजकीय अस्वस्थता यांनी उत्तर हिंदुस्थान ढवळून निघाला. संगीत ही अशा काळात लोकांना चैन वाटते आणि संगीतशाळा चालविणे हे तर आणखीच अवघड होते. पण रातंजनकरांच्या सर्वोत्तम शिष्यांची जडणघडण नेमकी याच वर्षांत झाली. गिंडे आणि भट यांच्या जोडीला दिनकर कायकिणी यांच्यासारखा तरुण शिष्य आला. सुमती मुटाटकर यांनी येथेच उच्च शिक्षण घेतले. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग या विद्यालयाशी जोडले गेले. पुढे हिंदी चित्रपटांचे संगीतकार म्हणून गाजलेले रोशन येथेच रातंजनकरांकडे शिकले. गझलगायक तलत महमूद यांनीही याच विद्यालयात एस. सी. आर. भट यांच्याकडून धडे घेतले. जगात विध्वंस चालू असताना एका घरात तंबोरे जुळत होते आणि बंदिशी घोटल्या जात होत्या.

शिकविता शिकविता रातंजनकर स्वतः रचीत गेले. ‘सुजान’ या नावाने त्यांनी शेकडो बंदिशी बांधल्या. ख्याल, ध्रुपद, धमार, तराणे आणि लक्षणगीते असे सर्व प्रकार त्यांनी हाताळले. दक्षिणेतील वर्णम या प्रकाराचा साचा घेऊन त्यांनी हिंदुस्थानी रागांतही रचना केल्या आणि संस्कृत पदेही बांधली. मार्गबिहाग, सावनी केदार आणि सालगवराळी हे राग त्यांच्या नावाशी जोडलेले आहेत. यांपैकी सालगवराळी हे नावच दक्षिणेच्या वराळीची आठवण करून देते. ‘गोवर्धन उद्धार’ आणि ‘झाँसी की रानी’ या संगीतिकाही त्यांनी रचल्या. ‘अभिनव गीतमंजरी’च्या तीन भागांत त्यांच्या बंदिशी संगृहीत आहेत. ‘तानसंग्रह’ तर त्यांनी केवळ विद्यार्थ्यांची सोय पाहून सिद्ध केला. रागाच्या चौकटीत राहून तान कशी बांधावी, हे नवख्याला कळावे म्हणून निरनिराळ्या रागांच्या ताना लिहून देण्याचा हा उद्योग किती चिकाटीचा असेल, हे कोणताही शिक्षक सांगू शकेल.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागली. मैफलीचा गवई दिवसाचा बहुतेक वेळ आपल्या आवाजासाठी राखून ठेवतो. रातंजनकर तोच आवाज नवख्यांना सूर सांगण्यात आणि शिष्यांना तालीम देण्यात खर्च करीत राहिले. फैयाज खाँ यांच्या शिष्याकडून श्रोत्यांची जी अपेक्षा असे, तिच्या मानाने त्यांना लोकप्रियता कमी लाभली. जाणकार त्यांच्या रागविस्ताराची वाखाणणी करीत. अप्रचलित रागाचे स्वरूप त्यांच्याइतके स्वच्छ दाखविणारे थोडे होते. परंतु टाळ्यांच्या गजरात नाव दुमदुमावे, हे त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही.

याहून कठीण प्रसंग स्वातंत्र्यानंतर आला. संस्थाने विलीन झाली, दरबार संपले आणि आकाशवाणी हा गवयांचा नवा आश्रयदाता झाला. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत कलावंतांची ध्वनिपरीक्षा घेऊन श्रेणी ठरविण्याची पद्धत कडक करण्यात आली आणि हिंदुस्थानी संगीताच्या परीक्षक मंडळाचे नेतृत्व रातंजनकरांकडे आले. पिढ्यान्पिढ्या गात आलेल्या घराण्यांतील कलावंतांना परीक्षेस बसावे लागणे अपमानास्पद वाटले. रागाची लक्षणे विचारणारा शास्त्री आमच्या गळ्याची पारख काय करणार, असा त्यांचा रोष होता. निषेध झाले, बहिष्कार पडले. रातंजनकरांना या वादाचे घाव सोसावे लागले.

त्या वादात दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या संस्थेला काही निकष हवेत, हे खरे होते. कला प्रश्नपत्रिकेत पूर्णपणे मावत नाही, हेही तितकेच खरे होते. ज्याने आयुष्यभर विद्यालय आणि घराणे यांमध्ये पूल बांधला, त्यालाच काही काळ घराण्यांचा विरोधक ठरविले गेले, हे या कहाणीतील सर्वांत मोठे दुःख. स्वतः गंडाबंध शिष्य असलेल्या या माणसाला परंपरेचे मोल सांगण्याची कोणाला गरज नव्हती. पण पदावर बसलेल्या माणसाचे मन क्वचितच वाचले जाते. त्याच्या सहीचा कागदच सर्वांना दिसतो. रातंजनकरांची नियमांवरची निष्ठा कधीकधी कठोर वाटली असेल, हे नाकारण्याचे कारण नाही. शिक्षकाचा हा गुणही आहे आणि मर्यादाही.

१९५६ साली खैरागढ येथे, राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात, इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाची स्थापना झाली. संगीत आणि ललित कला यांनाच वाहिलेल्या या विद्यापीठाची घडी बसविण्यासाठी अनुभवी हात हवे होते. रातंजनकर त्याच्या आरंभीच्या काळात कुलगुरू झाले. १९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला आणि १९६३ साली संगीत नाटक अकादमीने आपली अधिछात्रवृत्ती देऊन त्यांचा गौरव केला. १९६६ साली लखनौच्या विद्यालयाला भातखंडे यांचे नाव देण्यात आले. ज्या संस्थेच्या पायात स्वतःची उमेदीची वर्षे घातली, तिच्या दारावर गुरूचे नाव झळकलेले पाहण्याचे भाग्य रातंजनकरांना लाभले.

तोवर शिष्यांची झाडे आपापल्या जागी रुजली होती. बेंगळुरूचे नगरकर १९४६ साली मुंबईत भारतीय विद्या भवनाच्या संगीत शिक्षापीठाचे प्रमुख झाले. त्यांच्या गाण्यात आग्रा गायकीचा जोम होता आणि लखनौची नजाकतही होती. भैरव-नट आणि कौशी-रंजनी हे राग त्यांनी प्रचारात आणले. गिंडे १९५१ मध्ये भवनात आले आणि १९६२ पासून मुंबईच्या वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य झाले. कायकिणी यांनी पुढे भवनाच्या शिक्षापीठाची धुरा वाहिली. सुमती मुटाटकर यांनी दिल्ली विद्यापीठात संगीताचे उच्च शिक्षण रुजविले. गिंडे आणि भट या गुरुबंधूंनी एकत्र बसून गुरूच्या बंदिशी गायिल्या. दोन गळ्यांतून एकच तालीम कशी बोलते, याचा प्रत्यय त्यांच्या सहगायनातून येई. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की यांतील जवळजवळ प्रत्येक जण उत्तम कलावंत असूनही शिक्षक झाला. गुरूने त्यांना राग आणि ताल दिले, तसेच शिकविण्याचे व्रतही दिले.

१९७१ साली नगरकरांचे निधन झाले. त्यांनी वयाची साठीही पाहिली नव्हती. बेंगळुरूहून लखनौला आलेला, ठुमरीपासून कथकपर्यंत सारे आपलेसे करणारा हा उमदा शिष्य गुरूच्या आधी गेला. शिष्य आपल्यामागे राहील, आपण दिलेले पुढे नेईल, या भरवशावर गुरू देत असतो. तो क्रम उलटला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १४ फेब्रुवारी १९७४ रोजी, आचार्य रातंजनकर यांनी मुंबईत जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या जाण्यानंतर उरले काय, असा प्रश्न विचारला तर ध्वनिमुद्रिकांची मोठी रास दाखविता येणार नाही. पण संगीत विषय घेऊन परीक्षेला बसणारी एखादी मुलगी आज वहीत कोमल गंधाराखाली रेघ ओढते, शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा यमनची बंदिश स्वच्छ सुरात गातो, मध्यमवर्गीय आईवडील आपल्या मुलांना गाण्याच्या शिकवणीला अभिमानाने सोडावयास जातात. या साऱ्या गोष्टी आज इतक्या सहज झाल्या आहेत की त्यांच्यासाठी कोणी आयुष्य वेचले होते, हे आठवतही नाही. भातखंड्यांनी ही वाट आखली आणि रातंजनकरांनी ती चालून चालून मळवली.

जी शाळा साठ वर्षे पूर्ण करते, तिच्या भिंतींनी असे पुष्कळ शिक्षक पाहिलेले असतात. तास संपल्यावर थांबून एका मुलाला पुन्हा समजावून सांगणारे, स्वतःची आवडती वाट बाजूला ठेवून वर्गाकडे वळणारे, विद्यार्थ्याचे नाव मोठे झाले की मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजविणारे असे ते शिक्षक असतात. त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचे चरित्र लिहिले गेले आहे, आणि ते वाचताना माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आपापल्या शिक्षकांची आठवण व्हावी. बेंगळुरूचा एक मुलगा गाणे शिकण्यासाठी लखनौला गेला आणि तेथे त्याला असा शिक्षक भेटला. प्रत्येक मुलाला आपल्या शाळेत असा एक तरी शिक्षक भेटावा, एवढीच हीरक महोत्सवी वर्षात या आचार्यांच्या स्मृतीला वाहावयाची सुमनांजली.